मेळघाटात मिशनची शिक्षिका म्हणून ५ महिने : ५ पैकी साडेतीन स्टार

बी.एड. झालं, नोकरीचा पत्ता नव्हता आणि मनात होतंच की एकदा असं काम करायचं, म्हणून दिवाळीनंतर एका मिशन संस्थेकडून मेळघाटात गेली. संस्थेचं नाव देत नाही, मनानं चांगली माणसं आहेत. मी अमरावतीची, घरी तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, त्यामुळे मिशन म्हणजे मला काही नवीन नाही. पण पुढच्या बॅचला कोणी जाणार असेल तर त्याने हे आधी वाचावं.

अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून सेमाडोह-हरिसालकडची एसटी, आणि फाट्यावर उतरून पुढे जीप मिळाली तर जीप नाहीतर पायी. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंत शाळा आहे, संस्थेचा वर्ग त्याच्या आधी सकाळी आणि नंतर संध्याकाळी. राहायला टिनाच्या छताची खोली, मच्छरदाणी आणि सोलरचा दिवा संस्था देते, जेवण गावातच एका घरी, भाकर, तुरीचं वरण, कधी कुटकीचा भात. जेवणाला माझ्याकडून पूर्ण मार्क, त्या माउलीने एक दिवसही मला उपाशी झोपू दिलं नाही. रेंज फक्त टेकडीवर. डिसेंबर-जानेवारीत थंडी हाडात शिरते, दोन ब्लँकेट घरूनच न्या.

आता मुख्य गोष्ट. ट्रेनिंग दोन दिवसांचं झालं, त्यात प्रार्थना, गाणी, खेळ, रजिस्टर कसं भरायचं हे सगळं शिकवलं आणि गावातले आदिवासी जी कोरकू भाषा बोलतात तिचा एक शब्द शिकवला नाही. सगळे म्हणत होते मोठ्यांना हिंदी येते, पोट्टे मराठी पटकन उचलतात. मोठ्यांना येते, खरंय, पण पाच-सहा वर्षांच्या लेकराला नाही येत, त्याच्या घरात रात्रंदिवस कोरकूच. आणि कोरकू म्हणजे मराठीची बोली नाही, शेजारच्या गोंडीशीही तिचं नातं नाही, ती मुंडा कुळातली, तिकडे झारखंडातल्या संथाली-मुंडारीची बहीण. म्हणजे आपण कितीही हळू बोललो, कितीही हातवारे केले तरी अंदाजानं समजेल असं त्यात काहीच नाही.

पहिल्याच आठवड्यात मी कुत्र्याचं चित्र दाखवून विचारलं हे काय, तर पूर्ण वर्ग ओरडला "सीटा!" मी म्हटलं नाही नाही, सीता नाही, कुत्रा. पुन्हा सगळे "सीटा". मी तीन वेळा त्यांना चूक म्हटलं, आणि त्यांच्या भाषेत कुत्र्याला सीटाच म्हणतात, लेकरं बरोबर होती. चौथ्यांदा विचारलं तेव्हा कोणीच बोललं नाही.

दुसरी गोष्ट लिहितानाही जड जाते. एक लहान पोट्टी, सहाची असेल, वर्ग चालू असताना उठून जवळ आली आणि म्हणाली "डा". मला वाटलं सुट्टी मागून राहिली, मी म्हटलं बस खाली. ती बसली, थोड्या वेळानं पुन्हा आली, "डा", मी पुन्हा बसवलं, जरा आवाज चढवूनच. वर्ग सुटल्यावर पाहिलं तर ती हापशीवर ओंजळीनं पाणी पिऊन राहिली होती, किती वेळ पीत होती. डा म्हणजे पाणी. त्या रात्री मी वही काढली आणि जेवण देणाऱ्या माउलीला विचारून शब्द लिहायला बसली. मिया, बारिया, आफय, एक दोन तीन. रोज दहा शब्द. जानेवारीपर्यंत मी मोडकंतोडकं बोलायला लागली आणि तीच पोरगी पाटी घेऊन माझ्या बाजूला येऊन बसायला लागली.

आणि आपल्याच लोकांनी हे काम आधी केलंय हो! जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने १९०३ साली कोरकूचं व्याकरण छापलं. तेव्हा ना धड रस्ते, ना फोन, आणि तो माणूस आधी भाषा शिकला. आज आपल्याला साधी दोन पानांची शब्दांची झेरॉक्स देता येत नाही? माझा एक स्टार इथेच कापला.

अर्धा स्टार रिपोर्टचा. महिन्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, प्रार्थनेला किती मुलं आली. गावातल्या एका बापानं मला पहिल्याच दिवशी सरळ विचारलं होतं, "मॅडमजी, पढाने आए हो या भगवान बदलने?" मी म्हटलं, पढाने. तो शब्द मला पाळायचा होता, म्हणून तो रकाना मी कोरा सोडला आणि खाली लिहून दिलं की कोणाला किती अक्षरं येतात. फोन आला, समजावणं झालं, मी नाही बदललं. माझी श्रद्धा माझ्याजवळ पक्की आहे, पण लेकराच्या बापाला एक सांगून दुसरं मोजणं मला पटत नाही.

वेळापत्रक पण कोणीतरी शहरात बसून केलेलं. दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात, पोट्टे सोबत जातात, माझ्या रजिस्टरवर ४१ नावं होती, डिसेंबरात समोर २२. होळीला सगळे परत येतात कारण कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तोच, मग काही दिवस फगवा म्हणजे होळीचे पैसे मागणं आणि नाच, आणि संस्थेनं चाचणी नेमकी त्याच आठवड्यात ठेवलेली. त्यानंतर मोह पडायला लागतो, पहाटे सगळं घर टोपल्या घेऊन जंगलात, सकाळच्या वर्गाला कोण येणार? मी वर्ग उन्हं चढल्यावर घ्यायला लागली तर मुलं आली. इतकं सोपं होतं. मोहाची फुलंच मोजायला घेतली, दहा-दहाचे ढीग करून, तर ज्यांना बेरीज जमत नव्हती ते शंभरपर्यंत गेले.

महिनाभरासाठी जायचं असेल तर प्लीज जाऊ नका. लेकरू तुमच्याशी बोलायला लागतं आणि तुमची बॅग भरलेली असते. मी ५ महिन्यांनी निघाली तेव्हासुद्धा ते चूकच वाटलं.

जूनमध्ये परत चालली आहे, पूर्ण वर्षासाठी लिहून दिलंय. ती वही टाईप करून संस्थेला पाठवली, चारशेच्या वर शब्द झालेत, नवीन बॅचला ट्रेनिंगमध्ये देतो म्हणाले. दिली की अर्धा स्टार वाढवते.