एकाच भांड्यात बीफ आणि नूडल्स: खिमा घ्यावा की तुकडे?

बीफ आणि नूडल्स एकाच भांड्यात करायचं म्हटलं की सगळं लक्ष मसाल्याकडे जातं. पण पदार्थ कसा होणार, हे मांस घेतानाच ठरलेलं असतं. खिमा घेतला तर ३५ ते ४० मिनिटांत जेवायला बसता येतं. तुकडे घेतले तर अडीच तास धरून चालायचं. दोन्हींत चार जण पोटभर जेवतात, घासायला भांडंही एकच उरतं, पण चवीला हे दोन वेगळे पदार्थ आहेत. खिम्यात नूडल्स पुढे आणि मांस त्यांच्या मागे. तुकड्यांत उलट: आधी रस्सा, मग मांस, मग नूडल्स.

खिमा

५०० ग्रॅम खिमा, २५० ग्रॅम रुंद अंडा नूडल्स. खिम्यात १५ ते २० टक्के चरबी असू द्या. अगदी बिनचरबीचा खिमा शिजल्यावर रवाळ लागतो.

जाड बुडाचं, रुंद भांडं चांगलं तापवून खिमा घाला आणि पहिली तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नका. आधी पाणी सुटेल, खिमा राखाडी आणि उकडल्यासारखा दिसेल. नेमकं इथेच बरेच जण टोमॅटो घालून मोकळे होतात आणि मग चव का आली नाही म्हणून मसाला वाढवत बसतात. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला खमंग रंग यायला साधारण १४० अंश लागतात. त्यामुळे आवाजाकडे कान द्या. पाणी असताना रटरट ऐकू येते. ते संपलं की आवाज चरचरीत होतो आणि चरबी वेगळी दिसू लागते. त्यानंतर पाच मिनिटं परतलं की बुडाला तपकिरी थर धरतो. तो जळका नसतो, सगळी चव त्यातच असते.

आता एक मोठा कांदा, चार पाकळ्या लसूण आणि दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट तेलात दोन मिनिटं परतून गडद होऊ द्या, म्हणजे तिचा कच्चेपणा जातो. मग ९०० मिली गरम स्टॉक (हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी) ओतून बूड खरवडून घ्या. उकळी आली की नूडल्स घाला.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. सुक्या नूडल्स आपल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट पाणी पितात, म्हणजे इथे सुमारे ३१० ते ३७५ मिली. उरलेल्यातलं थोडं वाफ होऊन जातं, बाकीचा रस्सा होतो. भांडं जितकं पसरट तितकी वाफ जास्त, म्हणून एक कप गरम पाणी हाताशी असू द्या. पहिली दोन मिनिटं सतत ढवळा. नूडल्सवरचा स्टार्च तेव्हाच चिकट होतो आणि गठ्ठे बांधतो. नूडल्स किंचित कच्च्या असतानाच गॅस बंद करा आणि झाकण घालून पाच मिनिटं ठेवा. चुलीवरच पूर्ण शिजवल्या तर ताटात येईपर्यंत त्यांचा लगदा होतो.

तुकडे

इथे ८०० ग्रॅम मांस घ्या, कारण शिजून ते पाव ते एक तृतीयांश आटतं. खांद्याचं किंवा नळीजवळचं मांस हवं, ज्यात पांढऱ्या शिरा दिसतात. त्या शिरांतलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, मंद आचेवर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे, आणि मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून तो दाटपणा येत नाही. महागडं, बिनशिरांचं मांस या कामाला निरुपयोगी: शिजतं, पण कोरडं पडतं.

४ सेंटीमीटरचे तुकडे करा आणि कापडाने पुसून कोरडे करा. दोन-तीन खेपांत परता. एकदम सगळे टाकले तर पुन्हा तीच उकडण्याची कथा. मग कांदा-लसूण, पेस्ट आणि सव्वा लिटर पाणी किंवा स्टॉक. झाकण थोडं तिरकं ठेवा, आच इतकी मंद की मधूनच एखादा बुडबुडा यावा. खदखदून उकळलं तर तंतू आवळतात आणि मांस रस्स्यातच कोरडं होतं.

तासाभराने तुकडा चावून पाहिला तर तो चिवट लागेल. मांस बिघडलं असं समजून लोक इथे हात टेकतात. तंतू आवळलेले असतात, पण कोलॅजन अजून विरघळायचं असतं. पावणेदोन ते दोन तासांनी काटा विनासायास आत जातो. गाजर-बटाटा शेवटच्या ४० मिनिटांत घाला. टोमॅटोच्या आंबटपणामुळे त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. शेवटी रस्सा पाहा. नूडल्स बुडून वर बोटभर राहील इतका नसेल तर गरम पाणी घाला, मगच नूडल्स.

प्रेशर कुकरमध्ये हेच काम प्रेशर आल्यावर ३५ ते ४० मिनिटांत होतं. रस्सा पातळ राहतो, कारण वाफ बाहेर जात नाही. त्यामुळे पाणी पाऊण लिटरच घ्या आणि नूडल्स घालताना लागेल तेवढं वाढवा. नूडल्स मात्र झाकण काढूनच. बंद कुकरमध्ये स्टार्चचा फेस वर येऊन व्हॉल्व्ह तुंबू शकतो.

दोन्हींत मीठ शेवटी. विकतचा स्टॉक आटत गेला की खारटपणा वाढतो आणि तो मागे घेता येत नाही. सावर क्रीम घालायचं असेल तर गॅस बंद करून, नाहीतर ते फाटतं.

कोणासाठी काय

कामावरून आल्यावर स्वयंपाक असेल तर खिमा, यात फारसा विचार करण्यासारखं नाही. पण तो त्याच वेळी संपायला हवा. उरला तर फ्रिजमध्ये नूडल्स सगळा रस्सा पिऊन टाकतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धा कप पाणी घालून गरम केलं तरी पहिली मजा नसते.

पाहुणे येणार असतील तर तुकडे, आणि तेही आदल्या दिवशी. नूडल्सशिवाय रस्सा करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने निघते, चवही मुरलेली असते. ऐनवेळी उकळी आणून नूडल्स टाकल्या की दहा मिनिटांचं काम. हिशोब केला तर त्या दिवशी हा प्रकार खिम्यापेक्षा झटपट होतो.

एक मधला मार्ग लोकांना फार मोहवतो: तुकडे बारीक करायचे आणि तासाभरात उरकायचं. यात खिम्याचा वेगही नाही आणि तुकड्यांचा मऊपणाही नाही. तासच हातात असेल आणि खिमा नको असेल, तर कमी शिरांचं मांस तंतूंच्या आडवं, पातळ कापा. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून बाहेर काढा, त्याच भांड्यात रस्सा आणि नूडल्स शिजवा, आणि गॅस बंद केल्यावर मांस परत आत घाला.