खरकट्यावर चालणारा बायोगॅस: खानावळीतला दोन वर्षांचा अनुभव

बेळगावात टिळकवाडीला माझी छोटी खानावळ आहे, रोजचे तीसेक डबे. भाताची पेज, उरलेला भात, कडक झालेल्या भाकऱ्या असं अडीच-तीन किलो रोज निघतं. दोन वर्षांमागं परड्यात खरकट्याचा बायोगॅस बसवला. ओळखीच्या बायका सारख्या विचारतात, म्हणून लिहिते.

यंत्र अगदी साधं. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या: हजार लिटरची उताणी, तिच्यात साडेसातशेची पालथी. गॅस झाला की पालथी टाकी वर उचलते. पुण्यात खेड्यांसाठी तंत्रज्ञान घडवणारी आरती (ARTI) नावाची संस्था आहे, तिथं डॉ. आनंद कर्वे यांनी हे घडवलं. महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. गोबरगॅस म्हटलं की शेण, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण शेण म्हणजे गाईनं पचवून टाकलेला चोथा! गॅस करणारे जंतू गाईच्या पोटातलेच, मग त्यांना सरळ पिष्ट आणि साखर असलेलं का घालू नये, असा कर्व्यांचा विचार. या कामाला 2006 साली लंडनचा, स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी देतात तो ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याआधी 2002 साली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामालाही मिळाला होता. माझं माहेर चिकोडीकडचं. ऊस तुटला की फडच्या फड पाचट पेटतं, दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख उतरते, हे लहानपणापासून बघितलंय. त्यामुळं या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता गॅसचं. दोन किलो पिष्टमय खाद्याला दिवसभरात अर्धा किलो मिथेन, असं संस्था सांगते. हा हिशोब कोरड्या पिठाचा धरा. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मला रोज सव्वा-दीड तास शेगडी मिळते. त्यात डाळ-भात होतो, भाकऱ्या सिलिंडरवर. सिलिंडर तेवढा जास्त दिवस पुरतो.

बसवणाऱ्यानं मात्र मला त्रास दिला. शेणकाल्यानं टाकी भरून दिली आणि ‘उद्यापासून खरकटं घाला’ म्हणून गेला. मी भरभरून घातलं. चार दिवसांत आंबूस वास सुटला. टाकी वर आलेली, पण काडी लावली की भक् करून विझायची. जंतू वाढायच्या आधीच खाद्य जास्त झालं की आतलं आंबट होतं आणि नुसता न जळणारा वायू येतो, हे मला फार उशिरा कळलं. पंधरा दिवस काही घातलं नाही, थोडं शेणपाणी ओतलं, तेव्हा निळी ज्योत धरली. मग मूठभरापासून वाढवत नेलं. दुसरं म्हणजे शेगडीकडं येणाऱ्या गॅसच्या नळीत पाणी साचतं. ज्योत धकधक करायला लागली की नळी सोडवून पाणी काढायचं. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक आधीच बसवून घ्या, मला तो नंतर पैसे घालून बसवावा लागला.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “खरकट्याच्या जाळावर देवाचा नैवेद्य करणार होय ग?” नैवेद्य अजून सिलिंडरवरच होतो. त्यावरून मी घरात वाद घातला नाही. पण टाकीतून बाहेर पडणारं पाणी जास्वंदीला त्याच घालतात, आणि यंदा फुलं परडीत मावत नव्हती.

लिंबाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, कांद्याचा पाला घालू नका. भाकरीचे तुकडे भिजवून मिक्सरला फिरवून घाला. गच्चीवर बसवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, भरल्यावर टाकी टनाच्या वर जाते.

आपल्या बेळगावची थंडी या जंतूंना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत माझा गॅस निम्म्यावर येतो, सकाळी कोमट पाण्यात कालवून घातलं की थोडा फरक पडतो. म्हणून सुरुवात मार्च-एप्रिलात करा. टाकीत भरलेला शेणकाला महिनाभर उन्हात मुरू दे, शेगडी नीट पेटली की मगच पहिली मूठ भात घाला.