टीसीएस वाचवून देणाऱ्या माणसाने सोळा लाख नेले

सांगली, मिरज, तासगावकडच्या ज्या घरातलं पोरगं परदेशात शिकतंय, त्यांच्यासाठी लिहितोय. फसले ते माझे दाजी. द्राक्षबागायतदार, हिशेबाला पक्के माणूस.

भाचा २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला एमएसला गेला. फी भरायच्या वेळी इथल्याच एका कन्सल्टंटने दाजींना गाठलं आणि टीसीएसची, म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराची, भीती घातली. "बँकेतून पाठवलंत तर सोळा लाखांवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे ऐंशी हजार गेले बघा. मला रुपयात द्या, तिकडं माझा माणूस डॉलर भरतो. वर थोडी सूटही देतो."

आकडाच खोटा होता. २०२५-२६ मध्ये स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवताना पहिल्या दहा लाखांवर टीसीएस नव्हता. वरच्या सहा लाखांचे पाच टक्के, म्हणजे तीस हजार. आणि तेही बुडत नाहीत. पॅनवर जमा होतात, आयकर खात्याच्या २६एएस या कर-उताऱ्यात दिसतात, रिटर्न भरलं की रिफंड मागता येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाजी रिटर्न भरत नव्हते. त्या गड्यानं नेमकं तेच हेरलं होतं. "तुम्हाला कुठला रिफंड, दाजी?" अहो, करपात्र उत्पन्न नसलं तरी रिटर्न भरता येतंच की!

दाजींनी त्यानं सांगितलेल्या फर्मच्या खात्यावर आरटीजीएस केलं. भाच्याकडून विद्यापीठाच्या पोर्टलचं लॉगिनही मागून घेतलं गेलं. थोड्याच दिवसांत पोर्टलवर फी भरल्याचं दिसलं. ताईनं पेढे वाटले.

ती फी कुणा तिऱ्हाइताच्या चोरलेल्या क्रेडिट कार्डावरून भरली होती. कार्डवाल्यानं तक्रार केली, त्याच्या बँकेनं पैसे मागे घेतले, आणि ऑक्टोबरात पोर्टलवर पुन्हा सगळी थकबाकी उभी. वर दंड, पुढच्या सेमिस्टरच्या नोंदणीला होल्ड. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ नोंदणी सुटली तर तिथं राहणंच अडचणीत येतं. शिवाय चोरीच्या कार्डाबद्दल पहिली विचारपूस झाली ती भाच्याचीच.

इकडं कन्सल्टंटच्या ऑफिसला कुलूप. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ती यंत्रणा पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवू शकते. आपली माणसं दोन महिने निवांत होती, पोर्टलच साक्ष देत होतं ना!

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म, पॅन आणि विद्यापीठाचं फीपत्र दिलं की पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यात जातात. पावती तुमच्या नावावर राहते. दुसऱ्यांदा फी भरताना दाजींनी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, त्या रकमेवर तर टीसीएस एक रुपयाही लागला नाही. १ एप्रिल २०२५ पासून तसा नियमच आहे.

परवा तासगावच्या एका ग्रुपवर मेसेज आला: 'परदेशी फी भरा, टीसीएस शून्य, रेट बँकेपेक्षा कमी.' नंबर वेगळा आहे, भाषा तीच.