रायझन ५ ५६००एक्स: हाताने ओव्हरक्लॉक, पीबीओ की कर्व्ह ऑप्टिमायझर?

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला एएमडीचा सहा कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा गाभा) प्रोसेसर ५६००एक्स अजून कितीतरी जणांच्या टेबलाखाली घुमतोय. पुढच्या एएम५ सॉकेटवर जायचं तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतात. मग 'आहे त्यालाच जरा ताणून बघू' असं वाटतंच. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, त्याच्या शीर्षकातल्या तीन वाटा आहेत, आणि चिपच्या आयुष्याच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत.

चिप झिजते ती व्होल्टेज, करंट आणि उष्णता एकत्र आल्यावर. काहीही न बदलता एचडब्ल्यूइन्फो हे चिपचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तरी हलक्या कामात १.४५ व्होल्टच्या वरचे आकडे दिसतात आणि माणूस दचकतो. घाबरू नका, तेव्हा एखादाच कोअर पळत असतो आणि करंट किरकोळ असतो. सहाही कोअर कामाला लागले की चिप स्वतःच व्होल्टेज उतरवते.

हाताने ४.६ गिगाहर्ट्झ आणि ठरावीक व्होल्टेज बांधून दिलं की नेमकी हीच राखण बंद पडते. जुन्या सवयीने कुणी तिथे १.४ व्होल्ट लिहितं, आणि रेंडरसारखं सगळे कोअर राबवणारं काम चालू असताना तेवढं व्होल्टेज पूर्ण करंटसकट चिपवर बसतं. अशा वेळी आतल्या सूक्ष्म तारांमधले धातूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने हळूहळू सरकतात. चिप एका दिवसात जळत नाही, पण काही महिन्यांनी तोच वेग त्याच व्होल्टेजवर टिकेनासा होतो. एवढं करून मिळतं काय? सगळ्या कोअरवर थोडा जास्त वेग. उलट एका कोअरवर चिप आपणहून ४.६५ पर्यंत जात होती, तो टप्पा हातचा जातो. गेमिंगवाल्यांसाठी हा सरळ तोट्याचा सौदा आहे.

पीबीओमध्ये (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, एएमडीचीच वेग वाढवण्याची सोय) चिपची अक्कल शाबूत राहते, फक्त तिच्या मर्यादा सैल होतात. मुळात त्या ७६ वॅट, सलग ६० आणि क्षणिक ९० अँपिअर आहेत. ९५ अंशांची तापमानमर्यादा मात्र कायम राहते. तिथे 'मदरबोर्ड' हा पर्याय निवडू नका, कारण बोर्ड स्वतःच्या कुवतीप्रमाणे अवाच्या सवा आकडे भरतो. वॅटचा आकडा आपण लिहावा, १००-११० पुरेत. सोबत आलेल्या रेथ स्टेल्थ पंख्यावर तेही नको, टॉवर कूलर हवा. फायदा दिसतो तो व्हिडिओ एन्कोडिंग आणि रेंडरमध्ये. बहुतेक गेम ७६ वॅटपर्यंत पोचतच नाहीत.

माझं मत कर्व्ह ऑप्टिमायझरला. इथे व्होल्टेज वाढवायचं नाही, कमी करायचं. उणे बाजूची प्रत्येक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि अशा ३० पायऱ्या. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे त्याच वेगाला १.३० ऐवजी १.२२ व्होल्ट पुरले तर जवळपास १२ टक्के वीज वाचते. वाचलेली जागा चिप स्वतःच वेगासाठी वापरते.

खोट आहे ती तपासणीत. मी हावरटपणाने सगळ्या कोअरना उणे ३० दिलं. सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी तासभर सुरळीत चालली, आणि रात्री मशीन नुसतं बसलेलं असताना आपोआप रीस्टार्ट झालं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger) १८ क्रमांकाची नोंद, म्हणजे हार्डवेअरची चूक. व्होल्टेज कमी पडतं ते बहुधा हलक्या कामात, वेग टिपेला असताना. म्हणून कोअरसायकलर या चाचणी-सॉफ्टवेअरने रात्रभर एकेक कोअर तपासावा. बहुतेकदा चिपचे सर्वोत्तम दोन कोअरच व्होल्टेजमधली कमी कपात सोसतात. माझे उणे १० वर थांबले, बाकीचे उणे २५ वर. नुसत्या गिगाहर्ट्झच्या आकड्यावरही विसंबू नका, चाचणीतले गुण वाढले का ते पाहा. व्होल्टेज अपुरं असलं की आकडा वर आणि गुण खाली, असंही होतं.

वॉरंटीच्या बाबतीत मात्र तिन्ही वाटा सारख्याच: एएमडीच्या लेखी पीबीओ आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझरही ओव्हरक्लॉकिंगच.

गेमसाठी मर्यादा मूळच्याच ठेवा आणि सगळ्यांना उणे १० देऊन सुरुवात करा. रेंडरचं काम असेल तर त्यावर ११० वॅट. आणि दिवाळीत बसवलेलं सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासा. खोली २४ अंशांवरून ३८ वर गेली की चिपही जवळजवळ तितकीच तापते, आणि अकोल्या-नागपुरात ३८ म्हणजे खोलीतला कूलर चालू असतानाची दुपार.