जानेवारीत तुर्कस्तान: पंजाबी ड्रेस की जीन्स?

साताऱ्याची थंडी उन्हं वर आली की पळते. इस्तंबूलची जानेवारीत दिवसभर मुक्कामाला, वर पाऊस. जीन्स तिथे सर्रास दिसते, कुणी वळून बघत नाही. पण भिजली की लवकर वाळत नाही, आणि तंग असली तर आत थर्मल मावत नाही. सैल सलवारीत ते सहज जातं, शिवाय मशिदीत डोकं झाकायला ओढणी हाताशीच. घोळ तेवढा चिखलात लोळतो, म्हणून शिवतानाच आखूड ठेवा. माझं मत सलवारीलाच. मध्य तुर्कस्तानातल्या कपाडोकियात मात्र बर्फ; महाबळेश्वरचं स्वेटर तिथे पुरत नाही, काहीही घाला, वर मांड्यांपर्यंतचं वॉटरप्रूफ जॅकेट हवंच. मशिदीत बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे धड न्या!