एएसी ब्लॉक: विश्रामबागेतल्या इमारतीत १४ महिन्यांनंतर

खाली सहा गाळे आणि वर ऑफिसांचे दोन मजले, अशी सांगलीच्या विश्रामबागेतली इमारत मी १४ महिन्यांपूर्वी मालकाच्या ताब्यात दिली. भिंती सगळ्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत बारीक हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या. इतकी वर्षं वीटच लावत आलो, त्यामुळे मनात धाकधूक होती. आता पावसाळा झाला, उन्हाळाही झाला.

वजनातला फरक खरा आहे. ६०० × २०० × १५० मिमीचा कोरडा ब्लॉक साधारण ११ किलो भरतो. तेवढ्या जागेला आठ-नऊ विटा लागतात, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास. सांगलीच्या काळ्या मातीत भिंतींचं ओझं कमी झालं की पायाला तेवढाच दिलासा. काम झपाझप उरकतं. जॉइंट जेमतेम ३ मिमीचा, तोही सिमेंटच्या मसाल्याऐवजी ब्लॉक चिकटवायच्या गमचा, त्यामुळे बांधकामाला सात-सात दिवस पाणी मारावं लागत नाही. एप्रिलात टँकरची वाट बघणाऱ्याला याची किंमत कळते.

तडे मात्र गेले. ताबा दिल्यावर तिसऱ्या महिन्यात पहिल्या मजल्यावर, कॉलम आणि भिंत मिळते तिथे, केसासारख्या उभ्या रेघा दिसायला लागल्या. चूक माझी होती. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे कारखान्यातल्या दाबाच्या वाफेच्या भट्टीतून निघालेला ब्लॉक ओलसर असतो, वाळताना तो आकसतो. मालकांना दिवाळीला उद्घाटन करायचं होतं, म्हणून गाडीतून उतरलेला माल मी तसाच भिंतीला लावला आणि लगेच गिलावा चढवला. दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक महिनाभर झाकून ठेवलेले होते, शिवाय प्रत्येक जोडावर दोन्हीकडे १५० मिमी जाईल अशी जाळी मारली होती. तिथे आजही रेघ नाही. पहिल्या मजल्याची दुरुस्ती मी मुद्दाम उन्हाळा सरेपर्यंत थांबवली. ओल्या भिंतीतला तडा भरला की तो शेजारून पुन्हा उघडतो. मे अखेरीस रेघा खोलून पॉलिमरचा माल भरला, वर फायबरची जाळी चिकटवली. सध्या ठीक आहे.

बीमखाली शेवटचा रद्दा (ब्लॉकचा थर) घट्ट ठोकून बसवू नका. बोटभर फट ठेवा, स्लॅबचं सेंट्रिंग निघून बरेच दिवस गेल्यावरच भरा. वायरिंगच्या खाचा कटरनेच मारायच्या. एका गाळ्यात इलेक्ट्रिशियनने छिन्नी-हातोडा चालवला आणि पलीकडच्या बाजूचा गिलावा सुटला.

गाळेवाल्यांची खरी तक्रार रॅकची. साधा प्लग ब्लॉकमध्ये धरत नाही, औषध दुकानाचं अख्खं फडताळ महिन्यात पुढे झुकलं. ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग वापरल्यावर निभावलं. पण दुकान होणार हे आधी माहीत असेल तर एक मीटर आणि दोन मीटर उंचीवर काँक्रीटची पट्टी ओतून घ्या. भिंतही ताठ राहते आणि रॅकला पकडही मिळते.

सांगलीत पुराचं पाणी येतं त्या गावभागात किंवा मारुती चौकाच्या बाजूला तळमजला बांधायचा असेल, तर मी ब्लॉक लावणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं आणि दुकानांत दिवसेंदिवस उभं राहिलं. एएसी सच्छिद्र आहे, इतकं पाणी पिऊन तो सावकाश वाळतो. आता हरभट रोडजवळ छोटं काम घेतलंय. तिथे तळमजल्याला सॉलिड काँक्रीट ब्लॉक सांगितलेत, वरच्या मजल्याला एएसी. त्याची पहिली गाडी उतरवून झाकून ठेवली आहे, बांधकाम पुढच्या महिन्यात.