पाटी नसलेली नर्सरी आणि माझी चौदा रोपं

सोलापूर मागे टाकून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड आणि त्यापुढे निळी टाकी दिसते. तीच नर्सरी. पाटी लावलेली नाही, सगळे नुसतं 'मामांची नर्सरी' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी तिथून चौदा रोपं आणली. त्यातली अकरा जगली, दोन उन्हाळे काढून. आता लिहायला हरकत नाही. रोप आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाच स्टार देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. लग्नाच्या मांडवातच सुनेचं कौतुक करण्यासारखं आहे ते.

आधी आमची परिस्थिती सांगते. जुळे सोलापूरला घर, बाजूला बारा फुटांची पट्टी, ती सगळी मुरमाच्या भरावाची. भिंत पश्चिमेची. मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की रात्री नऊलाही त्या भिंतीवर हात ठेववत नाही. नळाला रोज पाणी नाही, आणि बोअरचं इतकं क्षारी की बादलीला पांढरा थर धरतो. या सगळ्यात मला फुलं हवी होती, तीही दरवर्षी नवी रोपं न आणता.

पहिला प्रयोग फसलेलाच. पुण्याहून येताना हायवेच्या एका मोठ्या नर्सरीत फुलांनी लगडलेल्या कुंड्या दिसल्या, हिरव्या जाळीखाली गारेगार. सहा घेतल्या. पंधरा दिवसांत पानगळ, महिन्याभरात काड्या. उपटून पाहिलं तर मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा, अगदी वीट झालेला. मी रोज घातलेलं पाणी त्याच्या कडेकडेने निघून जात होतं, आत ठणठणीत कोरडं.

मामांकडे जाळी फार थोड्या भागावर आहे. बाकी वाफे उघड्यावर. त्यामुळे पहिल्यांदा गेलं की मन खट्टू होतं, कारण रोपं किडकिडीत, पानं बारकी, फूल एखादंच. मी नाक मुरडलेलं त्यांनी पाहिलं असावं. म्हणाले, "ताई, ही इथं उन्हातच वाढल्यात. तुमच्या घरी यांना अजून वेगळं काय होणाराय?"

मग चौकशी त्यांनीच सुरू केली. भिंत कुठल्या तोंडाची, पाणी बोअरचं की नळाचं, वेल चढायला तार आहे का जाळी, घरात लहान मूल किंवा शेळी आहे का. शेवटचा प्रश्न कण्हेरीसाठी होता. तिचं पान, खोड, चीक सगळंच विषारी, हे विकण्याआधी सांगणारा दुकानदार मला पहिल्यांदाच भेटला. नातू तेव्हा रांगत होता, म्हणून दोन्ही कण्हेरी कुंपणाबाहेरच्या कडेला लावल्या. दोन्ही जोरात आहेत. कधीकधी पानाखाली चंदेरी, आरशासारखा चकचकीत कोष लटकलेला दिसतो, फुलपाखराचा. थोडी पानं खाल्ली जातात, जाऊ देत.

वेलींमध्ये त्यांनी मधुमालती, आईस्क्रीम वेल आणि संक्रांतवेल दिली. आईस्क्रीम वेलीने मला पहिल्याच मेमध्ये घाबरवलं. वरचं सगळं वाळलं, मी कात्री घेऊन उभी. फोन केला तर म्हणाले, काढू नका, खाली कंद आहे. पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात बुडातून कोंब आले आणि दिवाळीत गुलाबी झुबक्यांवर मधमाश्यांचा नुसता गोंगाट. संक्रांतवेलीने पहिलं वर्ष नुसत्या पानांवर काढलं. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली आणि इकडे कुंपण नारंगी झालं.

पण जीव जडला तो मधुमालतीवर. संध्याकाळी साडेसहाला पांढरी कळी उघडते, दुसऱ्या दिवशी तीच गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. आमचे हे आता सातच्या बातम्या सोडून तिथे खुर्ची टाकतात, वासासाठी. एकच सांगते, मुळातून धुमारे फार फुटतात. दर दोन महिन्यांनी छाटलं नाही तर ती शेजाऱ्यांची होते.

मेलेल्या तिघांचा हिशोब. कृष्णकमळ मीच हट्टाने घेतलं. "पश्चिमेच्या भिंतीला टिकायचं नाही," असं मामा दोनदा म्हणाले होते. एप्रिलमध्ये करपलं. दोन अबोलींपैकी एक मेली. दुसरी स्वयंपाकघराच्या मोरीजवळ आहे, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी पिते आणि गजऱ्यापुरती फुलं देते. तिसरी बोगनवेल, तिचा दोष पूर्ण माझा. पिशवी नेहमीसारखी ओढून काढली तर मातीचा गोळा हातातच फुटला आणि मुळं तुटली. बोगनवेलीची मुळं फार नाजूक असतात. पिशवीचं बूड आधी कापायचं, रोप खड्ड्यात ठेवायचं, मग बाजू चिरून प्लॅस्टिक अलगद काढायचं. उरलेल्या दोन अशाच लावल्या. पहिलं वर्षभर पाणी नियमित दिलं, आता आठवड्यातून एकदा. जास्त दिलं की नुसती पानं वाढतात, ताण दिला की रंग येतो.

कोरांटी आणि तगरीबद्दल लिहायला काही नाही. लावल्या, विसरले, फुलतायत.

तक्रारी आहेतच. पिशव्यांवर नावं नाहीत, सगळा कारभार मामांच्या स्मरणावर. मी पांढरी बोगनवेल मागितली होती, निघाली राणी रंगाची, आणि तीही नऊ महिन्यांनी कळली. मामा नसतील तेव्हा त्यांचा पोरगा असतो. तो मोबाइलमधून मान वर काढत नाही आणि दर दहा रुपयांनी वाढवून सांगतो. त्यांचं 'तयार माती'चं पोतं तर घेऊच नका. नुसती काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. मी मुरूम तसाच ठेवून खड्ड्यात शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली, वरून उसाचं पाचट पसरलं, तेवढ्यावर भागलं. आणि पावसाळ्यात गाडी रस्त्यावरच लावा. आत चिखलात आमचं चाक रुतलं, ढकलायला चौघं लागले.

पाचापैकी चार. एक स्टार राणी रंगाचा कापला.

यंदा पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा जाणार आहे, एका पांढऱ्या बोगनवेलीसाठी. या वेळी मात्र फूल डोळ्यांनी बघूनच पिशवी उचलणार, मामा काहीही म्हणोत.